मुरलेली चकती

यंदा थंडी उशिराच आली. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी कोथरूडमध्ये घरोघर पंखे चालू होते आणि आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी सकाळी बाकावर बसून, कपाळावरचा घाम पुसत, पूर्वीची थंडी कशी राहिली नाही हे एकमेकांना सांगत होती. मग एका सकाळी दाराशी टांगलेली दुधाची पिशवी उचलताना ती बोटांना जरा जास्तच गार लागली. मी चहा टाकायच्या आधी स्टुलावर चढले, माळ्यावरून स्वेटरांची पेटी काढली आणि तिच्यामागे पावसाळाभर पडून राहिलेली निळी कापडी पिशवीही खाली ओढली. तिचं तोंड उघडलं तर डांबरगोळ्यांच्या वासातून वेगळाच एक वास वर आला. चिकूच्या झाडाचा चीक, वाळलेली माती आणि गार प्लॅस्टिक. त्या वासानं मला थेट त्या एका हिवाळ्यात नेऊन उभं केलं, कुमुदताईंच्या शेजारी, विहिरीसमोर.

पिशवीत चकत्या आहेत. आम्ही जो खेळ खेळतो त्याला डिस्क गोल्फ म्हणतात, आणि तो समजावून सांगताना माझी दर वेळी दमछाक होते. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी हातानं फेकायची चकती आणि जमिनीतल्या भोकाऐवजी टोपली. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती पडेल तिथे चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी टोपलीत घालायची. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. हे सगळं आमच्या ह्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "म्हणजे स्वतःच टाकायचं आणि स्वतःच उचलायचं. मग घरी काय वेगळं करतेस?"

चकत्याही एका जातीच्या नसतात. जाड, बोथट काठाची असते तिला पटर म्हणायचं. ती टोपलीजवळून अलगद टाकायची. पातळ, धारदार काठाची ती ड्रायव्हर. ती लांब पल्ल्याची. आणि ड्रायव्हरमध्येही पायऱ्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर एक आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका हाताला वेग हवा, आणि तेवढा वेग नसेल तर ती चकती लांब तर जात नाहीच, उलट लवकर पडते. नव्या माणसाला हे काही केल्या पटत नाही. त्याला वाटतं, मोठी चकती घेतली की फेक आपोआप मोठी होईल. एकदा लिफ्टमध्ये मी फोनवर सांगत होते की माझा ड्रायव्हर हल्ली फार उजवीकडे जातो, आता बदलायला हवा. शेजारच्या बाईंनी तळमजला येईपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहिलं, कारण आमच्याकडे गाडीच नाही.

कुमुदताई माझ्या थोरल्या नणंद. तरुणपणी थाळीफेक करायच्या आणि पुढे निवृत्त होईपर्यंत मुलींच्या एका शाळेत पी. टी. शिकवायच्या. उंच बांधा, रुंद खांदे, आणि गळ्यात शिट्टी नसली तरी आहे असं वाटायला लावणारी नजर. यजमान फार लवकर गेले. त्यानंतर त्या आमच्या समोरच्या इमारतीत एकट्याच राहिल्या, पण एकट्या आहेत असं कुणाला वाटू दिलं नाही. आमच्याच जिन्यातला ओंकार नावाचा मुलगा, आयटीतला, कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी राहून आला तो हा खेळ घेऊनच. जवळच्या मैदानावर तो आणि त्याचे दोन मित्र चकत्या फेकत असत. ताई फिरून येताना बाकावर बसून त्यांच्याकडे बघायच्या. काही दिवस त्यांनी सहन केलं. मग एका सकाळी उठून ओंकारजवळ गेल्या आणि म्हणाल्या, कमरेतून फिर, हातानं काय ढकलतोयस, कपाट आहे का ते? आणि त्याच्या हातातली चकती घेऊन त्यांनी ती अशी सोडली, की मैदानाच्या टोकाला क्रिकेट खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत राहिली. त्या दिवसापासून ओंकार त्यांचा शिष्य झाला. खेळ त्यानं आणला होता, तरीही.

मी या सगळ्यात पडले ते नोकरी सोडल्यावर. घरी बसून पहिला महिना छान गेला, दुसऱ्या महिन्यात मी मसाल्याचे डबे रंगांप्रमाणे लावले, आणि तिसऱ्या महिन्यात मला दुपारी चार वाजता विनाकारण रडू यायला लागलं. ताई एका सकाळी दारात उभ्या राहून, बूट घाल, एवढंच म्हणाल्या. मैदानावर ओंकारनं सगळ्या चकत्या माझ्यापुढे मांडल्या आणि त्यातली कुठलीही निवडा म्हणाला. मी सगळ्यांत पातळ काठाची, लालभडक, मोठ्या आकड्याची उचलली. साडीच्या दुकानात करतात तशी निवड. सगळी ताकद लावून फेकली तर ती चार झोके घेतल्यासारखं करून डावीकडे वळली आणि पापड पडावा तशी फट्कन पडली. ताईंनी ती उचलून आणली, स्वतःच्या पिशवीत टाकली आणि माझ्या हातात एक जाडजूड पांढरी पटर दिली. संबंध उन्हाळा मी त्या पटरशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

हळूहळू माझा हात खुलत गेला. पटरवरून मी मधल्या पल्ल्याच्या चकतीवर आले, मग सात आकड्याच्या ड्रायव्हरवर. प्रत्येक वेळी पुढची चकती कधी घ्यायची हे मी विचारत असे, आणि ताईंचं उत्तर एकच असे. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की आज त्यांच्याच आवाजात लिहू शकते.

"चकती स्वतः सांगते, तू फक्त बघ. सरळ जाणारी चकती उजवीकडे पळायला लागली, की तुझा हात तिला भारी झाला. पुढची घे. निम्म्यातच डावीकडे कोसळायला लागली, की ती तुझ्या हाताला भारी झाली. मागची घे. यात शाबासकी नाही आणि लाजही नाही."

दर रविवारी आम्ही लोणी काळभोरला जात असू. तिथे ताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा भाऊ संपत याची चिकूची बाग आहे. बहिणीबरोबर तोही लहानपणी ताईंकडे धावायला शिकायचा, त्यामुळे अजूनही त्यांना बाईच म्हणतो. ओंकारच्या गाडीतून अंधार विरायच्या आधी निघायचं. मार्केट यार्डाजवळ पोचलो की काचा बंद असल्या तरी कोथिंबिरीचा वास आत यायचा. शेवंतीचे भारे लादलेले टेम्पो, डोक्याला मफलर गुंडाळलेले हमाल, चहाच्या गाड्यावरची वाफ. ताई तिथे गाडी थांबवून चहा घ्यायला लावायच्या आणि मग प्रत्येक वेळी, हा चहा नाही हा काढा आहे, असं म्हणून दुसरा कप मागवायच्या. हडपसरच्या पुढे धुकं लागायचं. सोलापूर रस्त्याच्या कडेची उसाची शेतं त्या धुक्यात नुसती अंदाजानं दिसायची.

बागेत टोपल्या होत्या त्या खरोखरच्या टोपल्या. चिकू बाजारात पाठवायच्या वेताच्या पाट्या संपतनं साखळ्यांनी फांद्यांना टांगल्या होत्या. पुढे ओंकारनं नियमातल्यासारख्या लोखंडी टोपल्या करून आणल्या, पण मला अजून त्या पाट्यांचाच आवाज आठवतो. चकती आत पडली की वेत करकरायचा. दवानं गवत भिजलेलं असायचं. प्रत्येक फेकीआधी चकती टॉवेलनं पुसावी लागे, नाहीतर हातातून मासळीसारखी निसटे. दहाच्या सुमाराला ऊन वर आलं की स्वेटर निघायचे, संपतची बायको भाकरी, ठेचा आणि ओल्या हरभऱ्याची उसळ पाठवायची, आणि आम्ही पाण्याच्या मोटारीच्या खोलीला पाठ टेकून जेवायचो. नोकरीत असताना माझा रविवार कपडे वाळत घालण्यात जायचा. आता तो मी शनिवारपासून मोजायला लागले होते.

आणि विहीर. बागेच्या टोकाला चांगली ऐसपैस, दगडी, जुनी विहीर आहे. फेकायची जागा अलीकडच्या बांधावर, टोपली विहिरीपलीकडे मोसंबीच्या झाडाजवळ. मध्ये सगळं पाणी. वळसा घालून, दोन फेकींत जायला मोकळी वाट होती आणि मी, ओंकारचे मित्र, सगळे तसेच जात असू. सरळ वरून जात त्या फक्त ताई. बाराच्या आकड्याची त्यांची काळी चकती बांधावरून निघाली की आधी जमिनीलगत जायची, मग कुणीतरी खालून उचलल्यासारखी वर चढायची, विहिरीच्या मध्यावर थबकल्यासारखी वाटायची, आणि पलीकडे जाऊन डावीकडे अलगद वळून उतरायची. बागेत काम करणाऱ्या बायकाही तेवढ्यापुरत्या उभ्या राहायच्या. ताई मात्र फेकून झाल्यावर चकतीकडे बघतही नसत. चालायला लागायच्या.

त्या दिवाळीत ताईंनी मला भाऊबिजेच्या दिवशी त्यांची नारिंगी चकती दिली. नऊचा आकडा, थोडी वापरलेली, त्यांची लाडकी. तुझ्या हाताला आता ही चालेल, म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी फराळाचं ताट तसंच ठेवून ती हातात धरून बसले. ह्यांनी विचारलं की ताईनं साडीऐवजी प्लॅस्टिकचं झाकण दिलं तरी तू खूश कशी. मनात मी एक पायरी चढले होते.

आज मागे वळून बघताना माझ्या ध्यानात येतं ते वेगळंच. ती नारिंगी मला मिळाली, त्याआधी सात आकड्याची मिळाली होती, आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एक हिरवी अकराची माझ्या पिशवीत सरकवली, पुढे लागेल म्हणून. मला वाटत होतं मी मोठी होतेय म्हणून मला मिळतंय. खरं तर त्यांच्या हातून एकेक सुटत चाललं होतं. ओंकारला आधी कळलं. त्यानं एका रविवारी परतताना, ताई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या असताना, हळूच मला म्हटलं की काकू, ताईंची डिस्क हल्ली लवकर डावीकडे जातेय. मी म्हटलं वारा असेल. डिसेंबरच्या त्या सकाळी पानही हलत नव्हतं.

मार्गशीर्ष संपता संपता ती गोष्ट घडली. ताईंनी बांधावरून काळी चकती फेकली आणि ती विहिरीच्या मध्यापर्यंतही न पोचता डावीकडे कलली आणि पाण्यात गेली. त्यांनी पिशवीतून दुसरी काढली, तशीच मोठ्या आकड्याची. तीही गेली. या चकत्या तरंगत नाहीत. पाण्यावर जरा वेळ वर्तुळं दिसली आणि मग तीही थांबली. ओंकार म्हणाला ताई, छोटी घेऊन बघा ना. मी आयुष्यात त्यांच्या तोंडून उद्धट शब्द ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. तू मला शिकवू नकोस, म्हणाल्या. शेकडो मुलींना एकेक पायरीवर थोपवून धरणारी ही बाई, जिनं मला उन्हाळाभर पटरवर ठेवलं, तिला स्वतःचीच पायरी तेवढी दिसत नव्हती. किंवा दिसत होती, आणि म्हणूनच.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. नसांचं दुखणं निघालं. उजव्या हातातली ताकद हळूहळू कमी होत जाणार; औषधानं वेग मंदावेल, थांबणार नाही. ताईंनी तपासणीच्या खोलीत सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं की चपात्या लाटता येतील ना. आयुष्यात त्यांना चपात्या लाटायचा कंटाळा होता. बाहेर आल्यावर रिक्षात त्या म्हणाल्या, "छंद होता. झाला करून." आणि खिडकी नसलेल्या रिक्षातून खिडकीतून बघावं तसं बाहेर बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी बँकेच्या कामाचं, तेही रविवारी. आम्ही त्यांच्याशिवाय लोणीला गेलो. संपतनं बाई का आल्या नाहीत विचारलं आणि मी गुडघा म्हटलं. ओंकारनं चहासाठी मार्केट यार्डाजवळ गाडी थांबवली, पण हा काढा आहे असं म्हणायला कुणी नव्हतं. बागेत सगळं होतं, धुकं, दव, उसळ. मला चैन पडत नव्हतं. माझी काय मागणी होती? त्यांचा हात बरा व्हावा ही नव्हती, ते होणार नाही हे मला समजलं होतं. मला त्यांना एकदा विहिरीपलीकडे चालत जाताना बघायचं होतं, चकतीकडे न बघता. त्या घरात बसल्या तर हात जाईल तेव्हा जाईल, ताईच त्याआधी खचून जातील, अशी मला भीती होती.

त्याच सकाळी माझी नारिंगी चकती उजवीकडे पळायला लागली. सरळ जायची ती, आणि आता सोडली की उजवीकडे झुकून हरभऱ्याच्या शेतात. एकदा, दोनदा, पुन्हा. मी हरखले. ताईंचा नियमच होता: उजवीकडे पळाली की हात वाढला. मी ओंकारला म्हटलं की माझी अकराची वेळ आली बघ. त्यानं नारिंगी चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. मी दोन महिने ती चिकूच्या झाडांवर, बांधाच्या दगडांवर, मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर आपटली होती. काठाला सगळीकडे टवके होते, खरचटे होते, चिकाचे काळे डाग होते. तो म्हणाला,

"नाही हो काकू. तुमची पावर नाही वाढली. डिस्क मुरलीये."

मुरणं हा शब्द ताईंचाच. झाडं-दगडांवर आपटून, उन्हातान्हात वापरून चकतीचा ताठा जातो आणि ती मऊ वागायला लागते, त्याला त्या मुरणं म्हणत, लोणच्यासारखं. मुरलेली चकती कमी वेगातही उडते. नवी असताना जी हाताकडून भरपूर वेग मागायची, ती आता थोडक्यात भागवते. माझा अपमान झाला तो मी गिळला, कारण त्याच क्षणी मला दुसरंच काही दिसलं होतं, ताईंचा हात. मी ओंकारकडे बघितलं आणि तोही माझ्याकडे बघत होता. पण ताई छोट्या आकड्याची चकती कुणाकडूनही घेणार नव्हत्या. आणि दिलेली वस्तू तर मुळीच परत घेणार नव्हत्या.

संक्रांत जवळ आली होती. आमच्याकडे दर वर्षी हळदीकुंकू असतं. विधवा बाईला बोलवायचं नाही हा प्रकार आम्ही केव्हाच सोडला होता, पण ताई स्वतःच त्या दिवशी टेकडीवर फिरायला जायच्या. उगाच कुणाच्या कपाळाला आठी नको, म्हणायच्या. त्या वर्षी मी त्यांना दुपारी मटार करंज्या तळायला बोलावून घेतलं आणि हात पिठात असतानाच बायका आल्या. पळायला वाट उरली नाही. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली. वाण म्हणजे संक्रांतीला बायकांनी एकमेकींना द्यायची छोटीशी उपयोगी वस्तू. ते नाकारायचं नसतं, परतही करायचं नसतं, एवढं पुण्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. शेवटी मी स्वयंपाकघरातून ताईंना हाताला धरून बाहेर आणलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं. एखादीच्या कपाळाला आठी पडली असेल, मी बघितलं नाही. आणि त्यांच्या पदरात मी नारिंगी चकती ठेवली.

त्यांनी ती हातात घेतली. हळदीचं बोट लागून तिच्या काठावर पिवळा डाग पडला होता.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"होती. आता वाण आहे, ताई. आणि वाण परत करत नसतात."

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, ओंकारनं फिरवला होता तसाच. टवके चाचपले. मग डोळे न उचलता म्हणाल्या, काय हाल केलेस हिचे. त्यांना सगळं कळलं होतं, मी काय देतेय आणि का. मी घाबरून उभी होते. शेजारच्या बाई, ज्यांना माझा ड्रायव्हर ठाऊक होता, त्यांनी मोठ्यानं विचारलं की हे कशाचं झाकण. ताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, कशाचंही नाही, पण तुमच्या गाळणीपेक्षा बरं आहे. त्यांनी पदर सावरला आणि चकती घेऊन करंज्या तळायला आत गेल्या. त्या रात्री माझ्या फोनवर ताईंचा निरोप होता: रविवारी किती वाजता निघायचं.

त्या रविवारी थंडी कडाक्याची होती. ताई बांधावर उभ्या राहिल्या. उजवा हात त्यांनी डाव्यानं चोळून ऊबदार केला, चकती टॉवेलनं पुसली, आणि वळसा घालायच्या वाटेकडे एकदा बघितलं. मला वाटलं तिकडूनच जातील. मग त्यांनी कंबर फिरवली. पूर्वीचा झपाटा नव्हता. हात अर्ध्यातूनच सुटल्यासारखा दिसला. नारिंगी चकती सावकाश निघाली, उजवीकडे झुकली, पाण्यावर गेली, आणि पडणार पडणार म्हणताना पडली नाही. तिच्यात घाई अशी नव्हतीच. विहिरीवरून ती उजवीकडे झुकतच गेली, मग सरळ झाली, आणि पलीकडे मोसंबीच्या बुंध्याशी गवतात जाऊन बसली. मोटार चालू करायला आलेला संपत तिथेच थांबला होता. "बाई," तो म्हणाला, "गेली की पल्याड." ताईंनी मान हलवली आणि चालायला लागल्या. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. थंडीत तसंही सगळ्यांची नाकं वाहत होती.

नंतरच्या हिवाळ्यांत त्या नारिंगीवरून मधल्या चकतीवर आल्या, मग पटरवर. प्रत्येक वेळी स्वतःहून, कुणी न सांगता. जिना उतरताना माणूस कठड्याला धरतं तशा त्या उतरल्या, पण कठड्याला धरल्याची लाज त्यांना राहिली नाही. आता उजवा हात शालीखाली मांडीवर असतो. पण लोणीला येतात. मोटारीच्या खोलीजवळ उन्हात त्यांची खुर्ची मांडलेली असते, आणि तिथून त्या सगळ्यांच्या चुका काढतात. नारिंगी चकती त्यांच्या मांडीवर असते. ती उलटी ठेवून तिच्यात त्या भाजलेल्या शेंगा खातात.

माळ्यावरून पिशवी काढली त्याच रविवारी आम्ही गेलो. यंदाच्या हिवाळ्यातली पहिली खेप. मी बांधावर उभी राहिले. गेली काही वर्षं मीही हिरव्या अकराच्या चकतीनं सरळ विहिरीवरून जाते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोरा आहे. मी फेकली. ती निम्म्यातच डावीकडे कलली आणि पाण्यात गेली. मी दंड चोळला. पावसाळाभर खांदा दुखत होता, ते मी पावसावर ढकललं होतं. मागे वळून मी म्हटलं, वारा आहे जरा.

खुर्चीतून आवाज आला, "नाहीये."

पिशवीत आणखी एक मोठ्या आकड्याची होती. माझा हात तिच्यावर जाऊन थांबला. मग मी पिशवी खाली ठेवली, ताईंपाशी गेले आणि त्यांच्या मांडीकडे बोट दाखवून म्हटलं, ताई, ती जरा देता? त्यांनी माझ्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. डाव्या हातानं चकतीतल्या शेंगा शालीत ओतल्या.

"वाण परत करत नसतात, तूच म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "उसनी देते. झाली की आणून दे."

मी ती पुसली. काठावर शेंगांचा चुरा होता, आणि टवके तेच होते, माझेच. फार जोर लावला नाही. ती उजवीकडे झुकली, पाण्यावरून सावकाश गेली, सरळ झाली आणि मोसंबीपाशी बसली. मी वळसा घालून गेले, ती उचलली, टोपलीकडे गेलेच नाही. परत येऊन ओढणीला पुसून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी शेंगा पुन्हा तिच्यात भरल्या, शेजारची विटांची रास पायानं दाखवून मला बसायला सांगितलं, आणि माझ्यासाठी एक शेंग फोडायला घेतली. एका हातानं फोडायला त्यांना वेळ लागतो. मी थांबले.